सौदा दोन गोष्टींचा

भांडं हातात घेतलं की ती आधी ते कानाशी नेई. बोटाच्या पेरानं एक टिचकी मारी आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून थांबे. मग भांडं जमिनीवर उपडं घालून त्याच्या बुडाकडं बघतच विचारी, "काय घेशीन?" मी किंमत सांगे. ती ऐकून घेई, मान डोलवी आणि म्हणे, "हे झालं बजारातलं. आता घरातलं सांग."

तुम्ही कधी बाजारात बसला असाल तर अशी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील. पण ती एकटी सगळ्यांना पुरून उरली असती. मी डोक्यावर गाठोडं घेऊन गावोगाव पितळेची भांडी विकत मोठा झालो. बापाचं दुकान नव्हतं, कुणाची शिफारस नव्हती. वाशीमच्या शेठजींकडून माल उचलताना त्यांनाही मी घाम फोडत असे. रागीट म्हणून माझं नाव होतं आणि त्या नावाचा मला धंद्यात फायदाच झाला. या बाईपुढं मात्र माझा राग चालला नाही आणि हुशारीही चालली नाही. तिचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. माझी तिच्याविषयी एक तक्रार आहे आणि ती आजही मिटलेली नाही.

आमचं गाव अनसिंगच्या पलीकडं, बैलगाडीच्या वाटेवरचं. गावाच्या वरच्या अंगाला तलाव आणि खालच्या अंगाला नाला. ती आमच्याच गल्लीत राहायची. नवरा थोड्या कोरडवाहू जमिनीचा धनी, बोलायला अगदी कमी. एकच मुलगी. वयानं ती माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी तिला काकू म्हणायचो. ती मला भांडेवाल्या म्हणायची. माझं नाव तिला माहीत होतं, पण ते तिनं कधी घेतलं नाही.

गावात लग्न असो, बारसं असो की तेरवी, चूल तिच्या ताब्यात जायची. ती पदार्थ चाखत नसे. झाकण किंचित सरकवून वाफेचा वास घेई आणि मुठीनं मीठ टाकी. कुणी मध्ये डोकावलं की नवरदेवाच्या बापालाही सोडत नसे. "बसा तिकडं, दादा. चुलीजवळ पावन्याचं काय काम?"

घरी तिचा स्वयंपाक साधा. सकाळी ज्वारीची भाकर, संध्याकाळी ज्वारीच्या कण्या आणि ताक. मी भांडी घेऊन दारात गेलो की आधी भाकर आणि ठेचा पुढं येई. मी नको म्हणे, ती ऐकत नसे. पोटात भाकर गेलेला माणूस भाव धरून बसत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते प्रेम होतं की डाव होता, हे मला कधी कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.

आता गंजाविषयी सांगतो. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं, उभट पातेलं. मुलीच्या लग्नात आंदण म्हणून भांडी देतात, त्यात पितळेचा गंज मानाचा. आणि आंदणाचं भांडं कोरं पाहिजे, म्हणजे एकदाही चुलीवर न चढलेलं. मुलगी सासरी गेली की सासू आणि शेजारणी भांडी उलटी करून बुड बघतात. पितळ एकदा तापलं की बुडाच्या कडेला तांबूस झाक येते, ती कितीही घासली तरी पुरती जात नाही. तसं भांडं निघालं तर त्या मुलीला जन्मभर ऐकावं लागतं की बापानं घरातलं जुनं माथी मारलं.

पन्नास सालानंतरची दोनेक वर्षं गेली असतील. आश्विन महिना होता. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू होते, त्यासाठी मी वाशीमहून गाडीभर माल आणला होता. तोवर मी गाठोडेवालाच होतो. एवढा माल पहिल्यांदाच उचलला होता. तो विकला गेला की दुकान टाकायचं, असं ठरवलं होतं. पावसानं गाडी रिकामीही करता आली नव्हती, ताडपत्रीखाली तशीच दारात उभी होती.

समुद्र कुठं आणि आम्ही कुठं. पण पूर्वेच्या समुद्रावर मोठं वादळ उठलंय, असं शाळेच्या मास्तरांनी पेपरात वाचून सांगितलं, तेव्हा आम्ही हसलो. ते वादळ सगळा देश ओलांडून आमच्या डोक्यावर आलं. वारा असा की उभी ज्वारी आडवी झाली आणि घरांवरचे टिन उडाले. पाऊस थांबेना. दुपारी कोतवाल डफडं वाजवत गल्लीतून पळत आला.

"तलाव फुटते रे बाप्पा! जिनावर चाला! सामान ठेवा, लेकरं घ्या!"

जीन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. तो टेकाडावर होता आणि हंगामाआधी बंद होता. सगळं गाव तिकडं निघालं. अशा वेळी माणसं काय उचलतात ते बघण्यासारखं असतं. एकानं भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं, एकीनं जात्याचा खुंटा, एका म्हाताऱ्यानं दोन कोंबड्या काखेत धरल्या होत्या. काकूनं डोक्यावर कण्यांचं गाठोडं घेतलं होतं आणि हातात मीठ-तिखटाचे डबे. मागं मुलगी आणि तिच्याही मागं नवरा.

"घर तसंच टाकलं का, काकू?" मी विचारलं.

"घर डोक्यावर बसते काय? मीठ, तिखट अन् पोरगी, तिन्ही घेतले. बुढा आपोआप मांगं येते."

माझी गाडी भरलेलीच होती. बैल जुंपले आणि हाकली. सगळ्या गावात माझाच माल शाबूत वर पोचला. लोक म्हणाले, नशीबवान आहे. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

जिनाच्या शेडमध्ये सगळं गाव चिकटून बसलं. पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज की शेजाऱ्याशी ओरडून बोलावं लागे. लेकरं भुकेनं रडत होती. कुणाजवळ मूठभर डाळ, कुणाजवळ तांदूळ, कुणाजवळ पायलीभर ज्वारी. कोपऱ्यात मागच्या हंगामातल्या कपाशीच्या कोरड्या पऱ्हाट्या होत्या, त्या जळणाला देतो असं चौकीदार म्हणाला. होतं सगळं, पण शिजवायला भांडं नव्हतं. तांब्या आणि वाट्या तेवढ्या आल्या होत्या.

शेडच्या तोंडाशी माझी गाडी उभी होती, ती तिथं आली.

"भांडेवाल्या, गाडी खाली कर. चार गंज पाहिजे."

"आंदनाचा माल हाये तो, काकू. चुलीवर चढला का मंग कोन घेते?"

"मंग लोकायनं काय खावं? तुही ताडपत्री?"

लोक हसले. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "पूर म्या आनला काय?"

"नाई. गंज तू आनले."

"साऱ्या गावाचं पोट माह्याच गाडीत हाये काय?"

"हाव," ती मान डोलवत म्हणाली. "तीन दे."

"एक देतो. लहान."

"लहान्यात कोनाचं भागते? दोन दे, मोठे."

"एक लहान. बस."

"बरं राह्यलं," ती म्हणाली, पदर झटकला आणि पाठ फिरवून चालू लागली.

तुम्ही बाजारात बसलेले असाल तर तुम्हाला पुढचं कळेल. गिऱ्हाईक पाठ फिरवून जातं तेव्हा खरा सौदा सुरू होतो. ज्यानं आधी तोंड उघडलं तो हरला. असं जाणं मी हजार वेळा पाहिलं होतं आणि मी सहसा हाक मारत नसे. मी ओठ आवळून गाडीला टेकून उभा राहिलो. ती हळूहळू शेडच्या दुसऱ्या टोकाकडं चालली होती. मान वळवली नाही. वाटेत एक बाळंतीण भिंतीला टेकून बसली होती, तिच्या कुशीत काही दिवसांचं मूल होतं. तिच्याकडं बोट दाखवून काकू काही बोलली असती, तर मी आणखी चिडलो असतो आणि काही दिलं नसतं. ती बाळंतिणीला ओलांडून पुढं गेली.

मीच हाक मारली.

"काकू! या. एक मोठा घ्या."

ती आली. मी म्हटलं, "पन दोन गोष्टी. घासून होता तसा द्यायचा. अन् चुलीवर चढला हे कोनाले सांगायचं नाई."

"घासून देतो," ती म्हणाली आणि गंज उचलला.

तिच्या मागोमाग मी गेलो. बघतो तर तिनं आधीच तीन दगड मांडून ठेवलेले. एकच चूल, आणि दगडांमधलं अंतर माझ्या सगळ्यात मोठ्या गंजाच्या बुडाएवढं. चार गंजांचं तिला कामच नव्हतं. तिला पहिल्यापासून तो एकच हवा होता.

"कल्हई नाई त्याले," मी अखेरचं ओरडलो. "अन्न कळकन सारं!"

"आंबट घालतच नाई. चिंच नाई, ताक नाई. मले शिकोतं काय?"

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. एवढी लेकरं रडत असताना तिनं आधी ओल्या मातीचा जाड लेवा गंजाच्या बाहेरून दिला, बुडापासून कानापर्यंत, म्हणजे धूर धरणार नाही. माझी बायकोही एवढा जाड देत नसे. मग पाणी, मग डाळ, तांदूळ, आणि शेवटी कण्या. पऱ्हाटीच्या काठीनंच ढवळत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड चालू होतं. "सरक, दादा, वारा अडव. अवो वयनी, ते पोरगं उचला, पाय भाजन त्याचा."

पळसाच्या पानांवर वाढलं. पहिला घास बाळंतिणीला. मग लेकरं, म्हातारी, बाया, बाप्ये. सगळ्यात शेवटी मला वाढलं, बुडाला लागलेली खरवड. मी म्हटलं, "ज्याचा गंज, त्यालेच खरवड?" ती म्हणाली, "घरच्या मानसाले शेवटीच वाढतात." मी खरवड खाल्ली. कण्या चांगल्या झाल्या होत्या.

आम्ही तिथं पाऊस थांबेपर्यंत राहिलो. तलावाची पाळ एका कडेनं गेली, नाल्याकाठच्या ओळीतली मातीची घरं बसली. माणूस मात्र एकही गेला नाही. तेवढे दिवस तो गंज चुलीवरून उतरला नाही.

घरी परतल्यावर तिनं गंज घासून आणून दिला. राख, चिंच, विटेची भुकटी, काय काय लावलं असेल. नव्याहून जास्त चमकत होता. बुडाच्या कडेची तांबूस झाक अगदी बारीक नजरेलाच दिसली असती. मी खूष झालो.

तुळशीचं लग्न झालं. अनसिंगच्या बाजारात मी माल मांडला. इंझोरीकडचा एक शेतकरी मुलीच्या लग्नासाठी आला, त्यानं तोच गंज उचलला. किंमत ठरली. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन ही बाई तिथून चालली होती. थांबली.

"दादा, तो नोका घेऊ. तो चुलीवर चढला हाये."

गिऱ्हाइकानं गंज असा खाली ठेवला, जसा चटका बसावा. आणि तो एकटाच गेला नाही. आजूबाजूच्यांनी ऐकलं होतं. यातला कोणता कोरा, कोणता चढलेला, असं जो तो विचारू लागला. त्या दिवशी माझा एकही नग विकला गेला नाही. दुकान आणखी एक वर्ष पुढं गेलं.

मी भर बाजारात तिच्यावर ओरडलो. "सौदा दोन गोष्टींचा होता! सांगायचं नाई, असं ठरलं होतं!"

"म्या घासून देतो म्हनलं. घासून देल्ला. दुसऱ्याले हाव म्या कवा म्हनलं?"

"नाई तरी कुठं म्हनलं?"

"नाई म्हनली असती तर तू गंज देल्ला असता काय?"

"नाई!"

"मंग?" ती म्हणाली. मग जरा आवाज उतरवून, "त्या पोरीच्या सासूनं बुड पाह्यलं तर जन्मभर कोन ऐकन रे? तू का मी?"

"मंग माह्यं काय?"

ती वळली. पिशवी उचलून चालू लागली. या वेळी मी हाक मारली नाही.

पुढं बरेच दिवस आम्ही बोललो नाही. तिला काही लागलं की नवऱ्याला पाठवी. तो बिचारा भांडं कानाशी नेई, टिचकी मारी, आणि तिनं पढवून पाठवलेलं वाक्य पुटपुटे, "हे झालं बजारातलं..." पुढचं विसरून तो माझ्याकडं बघत उभा राही. त्याला मी भाव कमी करत नसे. घरी जाऊन त्याला काय ऐकावं लागत असेल, याचा विचार करून मला बरं वाटे.

दुकान शेवटी झालं. तो गंज मी मागच्या फळीवर ठेवला होता, विकायलाही नाही आणि वापरायलाही नाही. त्यावर नजर गेली की डोकं तापत असे.

मग एके दिवशी ती स्वतः दुकानात आली. मुलीचं लग्न ठरलं होतं. मानोऱ्याकडचं स्थळ, खाऊन-पिऊन बरं घर. मी नवे गंज समोर मांडले. तिनं बघितलेही नाहीत. मागच्या फळीकडं बोट केलं.

"तो काढ."

मला वाटलं, चिडवायला आली आहे. मी म्हटलं, "तो चढलेला हाये. तुमीच साऱ्या बाजारात सांगतलं."

"म्हनूनच मांगून राह्यली."

"अन् सासूनं बुड पाह्यलं तर?"

"तिनं कायले पाहावं? मीच दाखवतो."

मी समजावलं. एवढ्या लांबचं स्थळ, लोक माहितीचे नाहीत, लग्न मोडेल. खरंच मला भीती वाटली. त्या मुलीला मी लहानपणापासून पाहत होतो. ती ऐकेना. म्हणाली, "त्या दिवशी सारं गाव याच्यातून जेवलं. माही पोरगी बी जेवली. याच्यावानी गंज तुह्या दुकानात दुसरा हाये काय?" आणि लगेच पुढं, "चढलेला हाये, तवा कोऱ्याचा भाव सांगू नोको."

आम्ही दुपारभर घासाघीस केली. कुणी जिंकलं ते विचारू नका.

लग्नाला मी गेलो, ते जेवायला नव्हे, बघायला. मांडवात आंदण मांडलं. नवऱ्याकडच्या बाया पुढं सरकल्या. कुणी हात लावायच्या आधी काकूनं तो गंज उचलला आणि नवरदेवाच्या आईसमोर उपडा ठेवला.

"इहीनबाई, हे पाहून घ्या. हा कोरा नाई. पुरात चुलीवर चढला. साऱ्या गावानं याच्यातल्या कण्या खाल्ल्या. कोरा पाहिजे असन तर भांडेवाला इथंच उभा हाये, आत्ता बदलून आनतो."

नवरदेवाचा काका उठला, म्हणाला, "हा काय अपमान लावला?" कुणी तरी त्याचा हात धरला. मुलगी डोकं खाली घालून बसली होती. काकूच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी भीती पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली. ती गंजावर हात ठेवून उभी होती आणि तो हात ती काढत नव्हती.

नवरदेवाची आई जाड अंगाची, सावकाश बोलणारी बाई होती. तिनं बुडावरून बोट फिरवलं, त्या तांबूस कडेवर थांबवलं, आणि म्हणाली, "माह्या घरी जाऊन तरी कुठं चढनार हाये? चुलीवरच ना?" मग काकाकडं वळून, "बसा, भाऊजी. वरन थंडं होऊन राह्यलं."

काकू मागं वळली ती थेट चुलीकडं गेली. माझ्यासमोरून गेली, पण माझ्याकडं बघितलं नाही. पदर डोळ्यांना लावला होता. धूर फार होता, असं नंतर म्हणाली.

त्यानंतर आम्ही पुन्हा बोलू लागलो. म्हणजे भांडू लागलो. सौदा दोन गोष्टींचा होता, हे मी तिच्या तोंडावर किती तरी वेळा म्हटलं. तिनं एकदाही कबूल केलं नाही.

तीनेक वर्षांनी भर पावसाळ्यात तिला ताप आला. मी माल आणायला वाशीमला गेलो होतो. परत आलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेरवीच्या आधी तिचा नवरा दुकानात येऊन उभा राहिला. भांडी मागायला आला होता, पण मागावं कसं ते त्याला कुणी पढवलं नव्हतं. मी उठून फळीवरचे चार गंज काढले, कोरे होते. कल्हईवाल्याला बसवून त्यांना कल्हई करून घेतली, म्हणजे वरणात चिंच घालता येईल. लेवाही मीच दिला, जाड, कानापर्यंत.

चुलीभोवती गावातल्या पाच-सहा बाया उभ्या होत्या. मीठ किती टाकायचं यावर त्यांचं एकमत होईना. एक म्हणे दोन मुठी, दुसरी म्हणे तीन, तिसरी म्हणे आधी चाखून बघू. शेवटी कुणी तरी टाकलं, आणि ते न बघता आणखी कुणी तरी टाकलं.

वरण खारट झालं. मुलगी मानोऱ्याहून आली होती, तीच वाढत होती. पंगत जेवत होती, मान वर न करता. कुणी मीठ जास्त आहे म्हणालं नाही. मी दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं.